सहा फूट दोन इंचांचा चालक आणि दीडशे सीसीची गाडी : गुडघ्याच्या कोनाचे एक प्रकरण

सातारा जिल्ह्यात औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून फिरणाऱ्या, तिशीतल्या एका चालकाचे हे प्रकरण आहे. त्याची उंची १८८ सेंटिमीटर, वजन ९२ किलो आणि बुटाचा नंबर ११. कराड, कोरेगाव, फलटण, वाई आणि अधूनमधून मेढ्यावरून केळघरचा घाट चढून महाबळेश्वर, असा त्याचा फिरतीचा भाग असल्यामुळे कामाच्या दिवसाचा मोठा हिस्सा मोटारसायकलवरच जात होता. गाडी दीडशे सीसीची, रोजच्या वापराची. एकसंध लांब सीट, मागे ड्रम ब्रेक, पुढेमागे दोन्हीकडून दाबायचा गिअर लिव्हर आणि दोन्ही फूटरेस्ट इंजिनाखाली बोल्टने आवळलेल्या एकाच आडव्या पाइपावर, अशी तिची रचना होती. मॉडेलचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण दोष त्या गाडीचा नव्हता. भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास आहे आणि रोजच्या वापराच्या गाड्या साहजिकच त्या मापाकडे बघून आखल्या जातात.

तक्रार अशी होती की तासाभराच्या सलग प्रवासानंतर दोन्ही गुडघ्यांच्या वाटीमागे दुखू लागे, गाडीवरून उतरल्यावर पहिली काही पावले आखडत टाकावी लागत, आणि उजव्या नडगीच्या पुढच्या बाजूला वेगळीच जळजळ होई. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून अस्थिबंध किंवा सांध्यातली गादी फाटल्याचे चिन्ह नसल्याचे सांगितले होते. गुडघा बराच वेळ दुमडून बसल्याने वाटीमागे दुखणे त्यांच्या परिचयाचे असते. चित्रपटगृहात लांबलचक खेळ बसून पाहतानाही ते उमटते, म्हणून त्याला ‘थिएटर साइन’ असे नावच आहे. गुडघा जितका दुमडलेला, तितका वाटी आणि मांडीच्या हाडातला दाब जास्त. डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले आणि बसण्याची पद्धत बदलायला सांगितले. ती गाडीवर बदलायची कशी, हे मात्र त्यांच्या कक्षेबाहेरचे होते. त्यासाठी तो आमच्या गॅरेजमध्ये आला.

येण्यापूर्वी त्याने करून पाहिलेले उपाय नोंदवण्यासारखे आहेत, कारण उंच चालक बहुधा त्याच क्रमाने त्यांच्याकडे वळतात. पहिला उपाय सीटवर पट्ट्याने बांधायच्या जेलच्या गादीचा. तिने बुडाला आराम मिळाला, पण बसल्यावर ती जवळजवळ सपाट होत असल्याने गुडघ्यांना काहीच मिळाले नाही. दुसरा उपाय मागच्या शॉकअपची स्प्रिंग सर्वांत कडक खाचेवर नेण्याचा. त्याने गाडीचा मागचा भाग थोडा उचलला गेला, खड्डे अधिक जाणवू लागले आणि गुडघे होते तिथेच राहिले. ही चूक समजूतदार मेकॅनिकही करतात, म्हणून कारण स्पष्ट सांगतो. सीट चासीवर बसलेली असते आणि फूटरेस्टही चासीला किंवा चासीत घट्ट बसवलेल्या इंजिनालाच आवळलेले असतात. शॉकअप वर-खाली केल्याने ही दोन्ही ठिकाणे एकत्रच वर-खाली होतात, त्यांच्यातले अंतर तसूभरही बदलत नाही. लांब शॉकअप बसवण्याचा सल्ला याच कारणाने गैरलागू ठरतो.

तिसरा उपाय हमरस्त्यावर पाय लेग गार्डवर टाकून बसण्याचा. त्याने गुडघा खरोखर मोकळा होतो आणि म्हणूनच ती सवय लागते. परंतु त्या स्थितीत उजवा पाय ब्रेकपासून हातभर दूर असतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाय परत आणायला अर्धा सेकंद लागला तरी मागचा ब्रेक लागण्यापूर्वी ११ मीटर रस्ता निघून जातो. खंबाटकी घाटाच्या उतारावर पुढचा ट्रक अचानक मंदावला तर हे ११ मीटर कुठून आणायचे, असा प्रश्न त्याला विचारल्यावर त्यानेच ती सवय सोडली. चौथा उपाय मागे सरकून बसण्याचा होता. तो अंशतः बरोबर होता, पण सीटचा पुढचा भाग टाकीकडे उतरता असल्यामुळे प्रत्येक ब्रेकसरशी तो पुन्हा खड्ड्यात घसरत असे, आणि मागे टिकून राहण्यासाठी हात ताणून धरावे लागल्याने खांदे दुखत.

या सगळ्या खटपटींच्या मुळाशी एकच गैरसमज होता. गाडी उंच चालकाला बसते की नाही हे लोक जमिनीपासूनच्या सीटच्या उंचीवरून ठरवतात, कारण माहितीपत्रकात तोच आकडा छापलेला असतो. तो आकडा पाय जमिनीला टेकतो की नाही एवढेच सांगतो. धावत्या गाडीवर पाय कुठे आणि कसा दुमडलेला राहील याबद्दल तो काहीच सांगत नाही. बजाज अॅव्हेंजर २२० ची सीट अवघी ७३७ मिलिमीटर उंच आहे, रॉयल एनफील्ड मीटिऑर ३५० ची ७६५, तरीही या दोन्ही गाड्यांवर फूटरेस्ट पुढे असल्याने लांब पायाचा माणूस गुडघे बरेच मोकळे सोडून बसतो. उलट क्लासिक ३५० ची ८०५ आणि केटीएम ३९० अॅडव्हेंचरच्या २०२५ पूर्वीच्या मॉडेलची ८५५ हे आकडे शेजारी ठेवून त्यांच्या फरकाएवढी जागा गुडघ्यांना जास्त मिळेल असे कुणी समजू लागला तर त्याची फसगत होण्याची शक्यता आहे, कारण साहसी प्रवासाच्या गाडीत जमिनीपासूनची मोकळी उंची वाढवताना फूटरेस्टही वर गेलेले असतात. पाहायचे अंतर असते ते सीट आणि फूटरेस्टमधले, आणि ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

म्हणून प्रथम मापे घेतली. गाडी मेन स्टँडवर सपाट फरशीवर उभी केली, चालकाला नेहमीचे बूट घालून नेहमीसारखे बसवले आणि खुब्याचे बाहेर जाणवणारे हाड, गुडघ्याची बाहेरची बाजू व घोट्याचे हाड या तीन ठिकाणी रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावले. मागे ओळंबा सोडून, मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर तिपाईला लावून दहा पावलांवरून फोटो काढला; जवळून काढलेल्या फोटोत कडा फाकतात आणि कोन चुकतो. मांडी ४६ सेंटिमीटर आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत ४६ सेंटिमीटर भरली. खुबा ते घोटा हे सरळ अंतर ५४ सेंटिमीटर होते. या तीन मापांच्या त्रिकोणात गुडघ्याचा कोन ७२ अंश येतो, आणि फोटोवर कोनमापक ठेवल्यावरही तो तेवढाच आला. याच गाडीवर, याच ५४ सेंटिमीटर अंतरात, १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा गुडघा ८४ अंशांच्या आसपास उघडा राहतो. म्हणजे तीच सीट आणि तोच फूटरेस्ट असताना या चालकाचा गुडघा बारा अंश अधिक दुमडलेला होता.

त्याच त्रिकोणातून दुसरी उपयोगी गोष्ट निघते. एवढ्या लांबीच्या पायात खुबा ते घोटा अंतर साधारण साडेसहा मिलिमीटरने वाढले की गुडघा एक अंश उघडतो. गुडघा नव्वद अंशांवर आणायचा असता तर अकरा सेंटिमीटर जागा निर्माण करावी लागली असती, जी या गाडीत शक्यच नव्हती. आम्ही ८० अंशांचे लक्ष्य ठरवले, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर. हे पाच सेंटिमीटर सीट वर घेऊन, सीटवर मागे सरकून आणि फूटरेस्ट खाली घेऊन अशा तीन ठिकाणांहून मिळू शकत होते. घोट्यापासून खुब्याकडे जाणारी रेषा उभ्याशी वीसेक अंश मागे कललेली असल्याने वर-खाली केलेला बदल जवळजवळ पुरता कामी येतो, तर मागे सरकण्याचा फक्त एक तृतीयांश.

सीटला प्राधान्य देण्याचे कारण सोपे होते. त्याच्या पायाची आतली लांबी ८८ सेंटिमीटर आणि सीट जमिनीपासून ७९ सेंटिमीटर. सीट साडेतीन सेंटिमीटर वर गेली तरी दोन्ही टाचा जमिनीवर पूर्ण टेकणार होत्या. उंच माणसाकडे ही शिल्लक असते आणि ती खर्च केल्याने त्याचे काहीच बिघडत नाही. बदल कायमचा करण्यापूर्वी योगासनाची जुनी चटई सीटच्या आकारात कापून तिचे थर एकावर एक बांधले आणि चालकाला साताऱ्याहून कराडपर्यंत पाठवले. दोन थर काढून, एक घालून, असे करत त्याला कुठे बरे वाटते ते रस्त्यावरच ठरले. कागदावरचा हिशेब आणि त्याचे सांगणे यांत फारसा फरक पडला नाही.

सीट बनवणारे कारागीर या कामात जुने होते. “साहेब, फोम किती घातला ते विचारू नका, माणूस बसल्यावर किती उरला ते मोजा,” असे त्यांनी पहिल्याच भेटीत सुनावले, आणि ते शंभर टक्के खरे होते. मूळचा फोम ९२ किलो वजनाखाली सर्वांत खोलगट जागी जवळजवळ तीन सेंटिमीटर दबत होता. त्यावर नुसता मऊ फोम चढवला असता तर तोही दबून गेला असता. म्हणून खालच्या थरात तुकड्यांपासून दाबून बनवलेला घट्ट रीबॉन्ड फोम, वर ४० घनतेचा (घनमीटरला ४० किलो) फोम आणि सर्वांत वर पातळ मऊ थर अशी रचना केली. पुढचा उतार भरून बसण्याची जागा सपाट केली, जेणेकरून ब्रेक लावल्यावर चालक टाकीवर घसरणार नाही. बसण्याचा बिंदू दोन सेंटिमीटर मागे आला. उंची वाढल्यावर मांड्या फाकू नयेत म्हणून टाकीलगतच्या कडा तिरप्या छाटल्या. बसल्यानंतरची प्रत्यक्ष वाढ ३५ मिलिमीटर भरली.

येथे एक घरगुती अडचण होती. हीच गाडी चालकाचा धाकटा भाऊही वापरत असे आणि त्याची उंची जेमतेम १६५ सेंटिमीटर. त्याच्यासाठी साडेब्याऐंशी सेंटिमीटरची सीट म्हणजे सिग्नलला एका पायाच्या चवड्यावर उभे राहणे. म्हणून मूळ सीटला हात न लावता जुन्या बाजारातून त्याच मॉडेलच्या सीटचा सांगाडा आणून नवे काम त्यावर केले. दोन बोल्ट काढले की सीट बदलता येते. मागे बसणाऱ्याने धरायचा पट्टा नव्या सीटवरही कायम ठेवला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागच्या माणसासाठी धरायला आधार आणि पाय ठेवायला जागा असणे बंधनकारक आहे, आणि सीट नवी शिवताना हा पट्टाच सर्रास गायब होतो.

नव्या सीटवर गुडघा ७८ अंशांवर आला. वाटीमागचे दुखणे पहिल्याच आठवड्यात बरेच उतरले, पण उजव्या नडगीची जळजळ तशीच राहिली. डाव्या पायाला ती मुळीच नव्हती, हा त्यातला महत्त्वाचा धागा होता. सीट आणि फूटरेस्ट दोन्ही पायांना सारखेच असतात. उजव्या बाजूला वेगळा असतो तो ब्रेकचा पेडल. चालकाला बसवून बाजूने पाहिले तेव्हा दिसले की पेडल फूटरेस्टच्या पातळीपेक्षा बरेच वर आहे आणि ११ नंबरच्या बुटाचा चवडा त्याच्यावर सहज टेकतो. ब्रेक नकळत लागू नये म्हणून तो सारा वेळ पाऊल वर उचलून धरत होता. पाऊल वर उचलण्याचे काम नडगीच्या पुढचा स्नायू करतो आणि तासभर तो आवळलेला राहिला की जळजळ होणारच.

पेडल खाली घेणे हे पाना फिरवण्याचेच काम आहे, पण त्याला तीन पायऱ्या आहेत आणि बऱ्याच गॅरेजांत पहिलीवरच थांबतात. थांब्याचा बोल्ट फिरवून पेडलची उंची ठरवली जाते. त्यानंतर ड्रमकडच्या रॉडचा नट फिरवून पेडलची मोकळी चाल पुन्हा जुळवावी लागते. ती साधारण २० ते ३० मिलिमीटर असावी, कमी राहिली तर लायनर ड्रमला घासत राहतात आणि जास्त राहिली तर ब्रेक उशिरा लागतो. शेवटी ब्रेक लाइटचा स्विच. पेडल खाली घेतल्यावर स्विचची स्प्रिंग ताणलेली राहते आणि मागचा लाल दिवा कायम पेटलेला राहतो. मग मागून येणाऱ्याला ब्रेक लागल्याचे कधी कळतच नाही. चाक हाताने फिरवून, अंधारात भिंतीवर दिव्याचा उजेड पाहून या दोन्ही गोष्टी तपासल्या. नडगीची तक्रार त्या दिवसापासून संपली. सीट, फोम, मोजमाप या सगळ्या खटाटोपाच्या मानाने हा एक बोल्ट फारच स्वस्त पडला.

फूटरेस्ट खाली घ्यावेत का, यावर चालकाचे आणि आमचे मत जुळत नव्हते. त्याला ४० मिलिमीटर हवे होते. एका ठिकाणी त्याला गॅसवर तापवून पाइप वाकवून देण्याची तयारीही दाखवण्यात आली होती. तापवून वाकवलेल्या पाइपाचा भरवसा देता येत नाही आणि तो तुटतो तो खड्ड्यातून जाताना, चालक पायांवर उभा असताना. त्याऐवजी इंजिन आणि पाइप यांच्यामध्ये लेथवर बनवलेला लोखंडी ठोकळा घालण्याचे ठरले. प्रत्येक बोल्टला सुटा बूश न देता एका बाजूचे दोन्ही बोल्ट एकत्र धरणारी अखंड पट्टी घेतली, म्हणजे पाय दाबल्यावर बोल्ट वाकत नाहीत. बोल्टही ८.८ प्रतीचे, म्हणजे जास्त ताकदीचे, आणि पट्टीच्या जाडीएवढे जास्त लांब वापरले. जाडी मात्र १५ मिलिमीटरच्या वर जाऊ दिली नाही.

त्यामागचा हिशेब घाटाचा होता. फूटरेस्टचे टोक जमिनीपासून २९ सेंटिमीटर वर आणि गाडीच्या मध्यरेषेपासून ३६ सेंटिमीटर बाहेर होते. टायरची रुंदी आणि शॉकअपचे दबणे सोडून दिले तर गाडी ३९ अंश कलल्यावर ते टोक रस्त्याला लागते. १५ मिलिमीटर खाली आल्यावर ते साडेसदतीस अंशांना लागेल, आणि ४० मिलिमीटर खाली घेतले असते तर ३५ अंशांच्याही आत. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किलोमीटर वेगाला वीसेक अंश कलणे पुरते, पण ४० च्या वेगाला तेच ३२ अंश लागते. वळणातल्या खड्ड्यात शॉकअप दबला की उरलेले अंश झपाट्याने संपतात. केळघरच्या उतारावर, मागे सामानाची पेटी असताना, हा धोका पत्करण्यात अर्थ नव्हता.

फूटरेस्ट खाली आल्याने गिअर लिव्हरचा प्रश्नही निघाला. मूळ लिव्हरच्या पुढच्या आणि मागच्या पट्ट्यांत ११ नंबरचा बूट नीट मावतच नव्हता. टाच मागच्या पट्टीवर पडून नको तेव्हा गिअर बदलत असे. त्याच शाफ्टवर बसणारा, फक्त पुढची पट्टी असलेला लिव्हर बसवला. तो मूळच्याच दात्यावर ठेवला, कारण शाफ्टचा एक दाता सरकवला की टोक तीन सेंटिमीटरहून अधिक हलते आणि तेवढे नको होते. फूटरेस्ट खाली गेल्याने लिव्हरखाली बुटासाठी १५ मिलिमीटर जास्त जागा आपोआप मिळाली. ब्रेकच्या पेडलची तिन्ही कामे अर्थातच पुन्हा करावी लागली.

शेवटचे माप गुडघ्याला ८० अंशांच्या किंचित वर दाखवत होते. त्यातला तीन चतुर्थांश वाटा सीटचा होता. हँडल बदलावे लागले नाही; क्लॅम्प सैल करून ते थोडे चालकाकडे फिरवले, दोन्ही टोकांपर्यंत वळवून क्लचची केबल ताणत नाही आणि इंजिनाचा आवाज चढत नाही एवढे पाहिले. डोके वर गेल्याने वारा जास्त लागतो, ही त्याची नवी कुरकुर आहे आणि तिला आमच्याकडे उत्तर नाही. कायद्याचा प्रश्न त्याने विचारला होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले आहे. सीटचा फोम किंवा लिव्हर या बदलांनी प्रमाणपत्रातला कोणताही तपशील बदलत नाही. तरीही ठोकळ्याची माहिती विमा कंपनीला लेखी कळवून ठेवण्यास आम्ही त्याला सांगितले.

पावसाळ्यानंतर तो पुन्हा आला तेव्हा शिवणीतून पाणी शिरून वरचा फोम जरा बसला होता आणि गुडघा एखाद्या अंशाने मिटला होता. त्याला तो अंश फूटरेस्ट आणखी १५ मिलिमीटर खाली घेऊन भरून काढायचा होता. आम्ही नकार दिला, आणि या वेळी कारण घाटाचे नव्हते. या गाडीचा साइड स्टँडही त्याच आडव्या पाइपावर आहे. पाइप खाली आला की स्टँडचा सांधाही खाली येतो, स्टँड लांब झाल्यासारखा होतो आणि त्यावर उभी केलेली गाडी जवळजवळ ताठ राहते. डावीकडच्या किंचित चढावर ती उजवीकडे कलंडू शकते. पहिल्या १५ मिलिमीटरच्या वेळीच स्टँडचा पाय तेवढा कापून, टाच पुन्हा वेल्ड करून तो आखूड केला होता. दुसऱ्यांदा कापला असता तर घडी केल्यावर त्याचे टोक साखळीच्या फार जवळ आले असते. शेवटी वरचा ओला फोम काढून नवा घातला, रेक्झिनखाली प्लास्टिकचा कागद दिला आणि शिवणी आतून रबराच्या सोल्युशनने बंद केल्या.